कोरियन डेटिंग शो आणि समोर बसलेला मुलगा

प्रश्न : मी २८ वर्षांची असून मूळची साताऱ्याची आहे, सध्या पुण्यात एका बँकेत नोकरी करते. रूममेटमुळे मला कोरियन डेटिंग शो पाहण्याची सवय लागली, आणि आता 'सिंगल्स इन्फर्नो', 'ट्रान्झिट लव्ह' किंवा 'आय ॲम सोलो' यांतले काही नवे आले की आमची शनिवारची रात्र त्यासाठीच राखून ठेवलेली असते. घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. त्यांपैकी सांगलीकडच्या, पण पुण्यातच नोकरी करणाऱ्या एका मुलाला मी घरच्यांच्या संमतीने काही वेळा एकटी भेटले. मुलगा सरळ आहे, परंतु पहिल्याच भेटीत त्याने माझी बदली कुठे कुठे होऊ शकते हे विचारले आणि मला ते फार कोरडे वाटले. त्याच्यासमोर बसलेली असताना मी मनातल्या मनात त्याला गुण देत असते, हे माझ्या लक्षात आले आहे. धाकटा भाऊ म्हणतो, ते सगळे ठरवून केलेले असते आणि त्यापायी तू चांगले स्थळ घालवशील. आई म्हणते, काय ते लवकर कळव, लोकांना ताटकळत ठेवू नये. हे शो पाहणे मी बंद करावे का? की मला जे हवेसे वाटते तेच चुकीचे आहे?

उत्तर : शो पाहणे बंद करण्याची आवश्यकता मला दिसत नाही, आणि तुम्हाला जे हवेसे वाटते त्यातही काही चुकीचे नाही. अडचण आहे ती गुण देण्यात. ती सवय तुम्हाला या कार्यक्रमांनीच लावली आहे, आणि ती कशी लागते हे त्यांच्या रचनेकडे नीट पाहिले तर कळते. म्हणून सल्ल्याकडे वळण्याआधी त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. हे शो मीही आवडीने पाहते, तेव्हा पुढचे लिहिणे नाक मुरडणाऱ्या बाईचे नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

त्यांची पहिली ओढ आहे ती संथपणाची. ब्रिटनच्या 'लव्ह आयलंड'मध्ये पहिल्याच दिवशी जोड्या लागतात आणि त्या जोड्यांनी एकाच पलंगावर झोपायचे असते. कोरियन कार्यक्रमांत बहुधा हातात हात यायलाच कित्येक भाग जातात. २०१७ साली 'चॅनल ए' या वाहिनीवर सुरू झालेल्या 'हार्ट सिग्नल'चे उदाहरण घ्या. काही तरुण-तरुणी एका घरात महिनाभर राहतात, सकाळी आपापल्या कामाला जातात, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक करतात आणि एकत्र जेवतात. मनातले सरळ सांगून टाकण्याची त्यांना मुभा नसते. त्याऐवजी रोज रात्री प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या व्यक्तीला निनावी संदेश पाठवायचा. संदेश मिळतो, पाठवणाऱ्याचे नाव मिळत नाही. मग दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर कोण कोणाच्या शेजारी बसले, कोणी कोणाच्या ताटलीत आधी वाढले, यालाच अर्थ येतो. एवढ्या बारीक गोष्टींकडे तासन्‌तास लक्ष द्यायला लावणारा दुसरा कोणता कार्यक्रम सध्या आहे, हे मला सांगता येणार नाही.

२०२१ साली 'टीव्हिंग' या कोरियन स्ट्रीमिंग सेवेवर आलेला 'ट्रान्झिट लव्ह' याच्या पुढे जातो. तिथे प्रेमसंबंध तुटलेली जोडपी एका घरात राहायला येतात, मात्र कोण कोणाचे पूर्वीचे जोडीदार हे सुरुवातीला कोणी उघड करायचे नसते. घरात आल्यावर प्रत्येकाची ओळख करून देणारा मजकूर सर्वांसमोर वाचला जातो, आणि तो लिहिलेला असतो त्याच्या जुन्या जोडीदाराने. ज्या माणसाशी आपले जमले नाही तोच आपल्यातले चांगले गुण अनोळखी लोकांना सांगतो आहे, आणि ते ऐकताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही! रात्री पुन्हा फोनवर कळते की, आज तुमच्या जुन्या जोडीदाराने तुम्हाला निवडलेले नाही. कल्पना क्रूर आहे. पण तुटलेल्या नात्यातही आदर उरू शकतो, हे मला या शोइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसले आहे.

आणखी एक गोष्ट अशी की, ती मराठी प्रेक्षकाला इंग्रजी उपशीर्षकांपेक्षा आपल्या कानांनी अधिक लवकर कळते. कोरियन माणसे अनोळखी व्यक्तीशी आदरार्थी क्रियापदांनीच बोलतात आणि कोण वयाने मोठे हे कळल्याखेरीज त्यांना एकेरीवर येता येत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर सुरू झालेल्या 'सिंगल्स इन्फर्नो'त सहभागींना एका निर्जन बेटावर ठेवतात आणि तिथे असेपर्यंत वय आणि व्यवसाय सांगायला बंदी असते. जोडी जमून दोघे 'पॅराडाइज' म्हणवल्या जाणाऱ्या आलिशान हॉटेलात गेले की मगच ते विचारता येते. ती भेट लक्ष देऊन ऐका. वये कळतात, क्षणभर शांतता पसरते आणि कोणीतरी विचारते की, आता आपण मोकळेपणी बोलायचे का. इंग्रजी उपशीर्षकांत त्यानंतरची वाक्ये आधीसारखीच असतात, पण लग्न ठरल्यावर अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायला ज्यांना धीर करावा लागला आहे, त्यांना तिथे काय घडले हे समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडे पाहा. बघण्याच्या कार्यक्रमात दोन्हीकडची मंडळी दिवाणखान्यात बसतात, पोह्यांच्या बश्या फिरतात, 'पाहिजे तर दोघांना जरा गच्चीवर बोलू द्या' असे कोणीतरी मोठ्या मनाने सुचवते आणि पंधरा मिनिटांनी हाक मारते. संध्याकाळी मध्यस्थाचा फोन येतो. या सगळ्यात तपशील भरपूर मिळतो, परंतु एखादी व्यक्ती आवडू लागण्याची जी मंद प्रक्रिया असते तिला जागाच नसते. ती जागा तुम्हाला शनिवारी रात्री पडद्यावर सापडते. तुमच्या आवडीचा अर्थ मी असा लावते आणि त्यात मला काहीही पोरकट वाटत नाही.

मात्र इथून एक समज तयार होतो, तो मला खोडून काढला पाहिजे. तिकडे प्रेम निर्मळ आणि इकडे सगळा हिशेब, असे तुमच्या पत्राच्या ओळींमधून मला जाणवले. तुम्ही 'आय ॲम सोलो' पाहता, तर तो पुन्हा एकदा या नजरेने पाहा. २०२१ पासून चालू असलेला हा कार्यक्रम लग्न करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. सहभागींना खऱ्या नावांऐवजी योंगसू, योंगचॉल, सुन्जा, ओक्सुन अशी ठरावीक, मागच्या पिढीतली नावे दिली जातात; आपल्याकडे आयटीतल्या मुलामुलींनी आठवडाभर गजानन आणि शकुंतला म्हणून वावरावे, तसा तो प्रकार आहे. त्यानंतर येते आत्मपरिचयाची फेरी, आणि ती ऐकताना वधू-वर सूचक मंडळाचा मेळावा आठवल्याशिवाय राहत नाही : वय किती, नोकरी कोणती, घर कुठे, दुसऱ्या शहरात राहायला तयारी आहे का, मुले हवीत का. काही चेहरे वय आणि व्यवसाय ऐकताक्षणी बदलतात, आणि कॅमेरा ते टिपतो. ज्याला कोणीही निवडले नाही त्याला डेटऐवजी एकट्याने बसून जजांगम्यॉन, म्हणजे काळ्या सॉसमधल्या नूडल्स खाव्या लागतात. कोरियात १४ एप्रिलला जोडीदार नसलेल्यांनी हेच खाण्याची गमतीची प्रथा आहे, पण कॅमेऱ्यासमोर ती वाटी संपवणाऱ्याचा चेहरा पाहिला की गंमत फारशी उरत नाही.

घटस्फोटितांसाठीच्या 'लव्ह आफ्टर डिव्होर्स'मध्ये हिशेब याहून उघड असतो. तिथे पदरी मूल आहे की नाही ही माहिती मुद्दाम मागे ठेवली जाते आणि ठरलेल्या वेळीच सांगितली जाते. तोपर्यंत जुळत आलेल्या जोड्या त्या एका वाक्याने डळमळतात. त्याचे २०२३ मधले चौथे पर्व अमेरिकेतल्या कोरियन वंशाच्या लोकांचे होते. वेगवेगळ्या शहरांतून आलेली ही माणसे मेक्सिकोतल्या कानकूनला जमली, आणि समुद्रकिनारी मने जुळत असतानाच कोण कोणाच्या शहरात जाऊन राहणार हा प्रश्न त्यांच्या पाठीशी लागलेला होता. तुमच्या सांगलीकराने बदलीबद्दल विचारले ते याच जातीचे आहे. पडद्यावर तोच प्रश्न मंद संगीत आणि रात्रीच्या दिव्यांसह येतो म्हणून हळवा वाटतो; पुण्यातल्या एखाद्या कॅफेत, शेजारच्या टेबलावर आरडाओरडा चालू असताना आला की कोरडा वाटतो. बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीशी लग्न करण्याचा विचार करणाऱ्याने बदलीचा प्रश्न विचारला नसता, तर मला अधिक काळजी वाटली असती.

हे कार्यक्रम ज्या समाजातून येतात तिथली परिस्थितीही लक्षात घ्या. दक्षिण कोरियाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत खाली आला आणि २०२४ मध्ये जेमतेम ०.७५ झाला, लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. तिथे लग्नाबाहेर मुले होण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे या आकड्यांच्या मागे न झालेली किंवा लांबलेली लग्ने आहेत, आणि त्यांच्याही मागे सोलमधल्या घरांच्या किमती, कामाचे लांबलचक तास आणि लग्नानंतर सारा भार आपल्यावरच पडेल ही स्त्रियांची रास्त धास्ती आहे. सोलशेजारच्या सॉंगनाम शहराच्या प्रशासनाने २०२३ मध्ये अविवाहितांचे मेळावे भरवले, आणि जोग्ये या बौद्ध पंथाच्या समाजकल्याण संस्थेने तर 'आय ॲम सोलो'च्या कोरियन नावावर कोटी करून मठांमध्ये तरुण-तरुणींच्या भेटी घडवून आणायला सुरुवात केली. आपल्याकडे ज्ञातीच्या मंडळांनी जे काम वर्षानुवर्षे केले, ते तिथे आता नगरपालिका आणि भिक्षू करत आहेत. अशा ठिकाणी दुसऱ्यांचे प्रेम जुळताना पाहण्याची आवड वाढावी, यात नवल नाही. परंतु त्या पडद्यावरून तिथल्या माणसांच्या रोजच्या आयुष्याचा अंदाज बांधू नये.

तुमच्या भावाचे म्हणणे अर्धे खरे आहे. सहभागींना संवाद पाठ करायला दिले जातात असे नाही, पण परिस्थिती घडवलेली असते. कोणाला घ्यायचे, कोणाला कोणत्या दिवशी आणायचे, कोणती माहिती दडवायची, हे निर्माते ठरवतात. फोन आणि बाहेरचे जग काढून घेतले की, शहाणीसुरती माणसेही दोन दिवसांत समोरच्या चार-पाच जणांपैकी एकाच्या प्रेमात पडल्यासारखी वागू लागतात. 'आय ॲम सोलो'चा मुक्काम पाच-सहा दिवसांचा असतो, आणि त्यातून अनेक तासांचा कार्यक्रम निघतो. एखादी नजर नेमकी कोणत्या वाक्यानंतरची होती, हे संकलकाखेरीज कोणालाच माहीत नसते. आणि या पाच-सहा दिवसांत आई, सासू, घराचा हप्ता, आजारपण, कंटाळा यांपैकी काहीच आत येत नाही. 'सिंगल्स इन्फर्नो'तली बहुतेक जोडपी बेटाबाहेर फार काळ टिकली नाहीत, याचे मला कधीच आश्चर्य वाटले नाही. उलट, सुरुवातीलाच रोखठोक प्रश्न विचारणाऱ्या 'आय ॲम सोलो'मधून काही लग्ने खरोखर झाली आहेत, ही गोष्ट तुमच्या बाबतीत विचारात घेण्यासारखी आहे.

आता त्या गुण देण्याविषयी. जवळजवळ प्रत्येक कोरियन डेटिंग शोमध्ये स्टुडिओत बसलेले काही जण असतात. ते आपल्यासोबत दृश्य पाहतात, थांबवतात, 'त्याने तिच्याकडे पाहिलेच नाही' म्हणून हळहळतात, कोण कोणाला निवडेल यावर पैजा लावतात. त्यांच्या सोबतीमुळे एकट्याने पाहणाऱ्यालाही घरची मंडळी बरोबर असल्यासारखे वाटते आणि कार्यक्रमाची निम्मी गोडी तीच आहे. पण त्यांच्याबरोबर बसून बसून आपणही तेच काम शिकतो : समोरच्याची प्रत्येक हालचाल ही काहीतरी खूण आहे असे मानायचे आणि लगेच निकाल द्यायचा. तुमच्यासमोर बसलेल्या मुलाच्या मागे संकलक नाही. त्याने पाण्याचा ग्लास तुमच्याकडे आधी सरकवला नाही याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्याला तहान लागली होती.

हे निकाल किती एकसाची असतात तेही पाहा. 'सिंगल्स इन्फर्नो'च्या पहिल्या पर्वात तरुणांनी एका मुलीच्या गोऱ्या कांतीचे इतके गोडवे गायले की इतर देशांतल्या प्रेक्षकांनी त्यावर जोरदार टीका केली. 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप' अशा जाहिराती वाचत मोठे झालेल्या आपण त्या प्रसंगी नाक वर करावे, अशी आपली परिस्थिती नाही. मात्र परक्या भाषेत आले की तेच जुने मापदंड नवे आणि रमणीय वाटतात, हे ओळखायला हवे. निवडलेले चेहरे आणि शरीरे एका साच्यातली असतात, व्यवसाय बऱ्याचदा मिरवण्याजोगे असतात, आणि पडद्यावरच्या श्रीमंतीवर किती विसंबावे याचेही एक उदाहरण आहे : याच पर्वातल्या एका अतिशय लोकप्रिय तरुणीने वापरलेल्या महागड्या ब्रँडच्या काही वस्तू नकली असल्याचे २०२२ च्या जानेवारीत उघड झाले आणि तिला जाहीर माफी मागावी लागली. तिच्यावर तुटून पडलेल्यांचा मला अधिक राग आला, पण तो वेगळा विषय झाला.

तसा तो अगदीच वेगळाही नाही, कारण या करमणुकीची किंमत सहभागी मोजतात. एसबीएस वाहिनीचा 'जाक' हा याच धाटणीचा लोकप्रिय कार्यक्रम २०१४ मध्ये बंद झाला, तो जेजू बेटावर चित्रीकरण चालू असताना एका सहभागी स्त्रीने आत्महत्या केल्यामुळे. 'आय ॲम सोलो'चे निर्माते तेच आहेत. त्याच्या २०२३ मधल्या घटस्फोटितांच्या सोळाव्या तुकडीत ऐकीव गोष्टी इकडून तिकडे पोहोचवण्यामुळे जुळत आलेली मने फाटली; तो भाग देशभर चघळला गेला, आणि सहभागींपैकी अनेकांना आपापल्या समाजमाध्यमांवर माफीनामे लिहावे लागले. पाच-सहा दिवस झोप अपुरी, भोवती कॅमेरे, आणि त्यातल्या एका वाईट संध्याकाळवरून माणसाची कायमची किंमत ठरवायची! पुढच्या शनिवारी पाहताना तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने एवढे पथ्य पाळलेत तरी पुरे की, दृश्याबद्दल हवे तितके बोलायचे, पण माणसावर शेरा मारायचा नाही. ते जमू लागले की कॅफेतही जमेल.

त्या मुलाच्या बाबतीत माझे म्हणणे असे. आतापर्यंतच्या भेटी बहुधा समोरासमोर बसून, खाण्याचे काहीतरी मागवून झाल्या असतील. म्हणजे गच्चीवरची पंधरा मिनिटेच थोडी लांबवली गेली. यापुढच्या भेटी काहीतरी करत घडू द्या. सिंहगड चढा, मंडईतून भाजी आणा, त्याला एखादे कंटाळवाणे काम असेल तर त्या कामाला बरोबर जा. 'हार्ट सिग्नल'मधला निनावी संदेश आपण उसना घेऊ शकत नाही, पण कामावरून दमून आलेला माणूस कसा बोलतो हे पाहण्याची त्या घरातली सोय मात्र पुण्यातही करता येते. बदलीच्या प्रश्नाला तुम्ही त्या दिवशी काय उत्तर दिलेत ते तुम्ही लिहिलेले नाही. खरे उत्तर द्या, आणि तुमची बदली झाली तर तो काय करील हेही त्याला विचारा. लगेच 'तू नोकरी सोड' म्हणणारा, 'बघू तेव्हाचे तेव्हा' म्हणून टाळणारा आणि थोडा वेळ विचार करून अडचणी मोजणारा, हे तीन फार वेगळे नवरे असतात.

तुम्हाला हे शो आवडतात हे त्याला सांगायलाही हरकत नाही. हवे तर एखादा भाग बरोबर पाहा, मात्र परीक्षा म्हणून नव्हे. त्याला झोप आली तर येऊ द्या. आणि इतके करूनही त्याच्याविषयी मन वळत नसेल, तर नकार द्या. त्यासाठी त्याच्यात दोष शोधण्याची गरज नाही आणि तो नकार कोरियन शोमुळे आला असे भावाला वाटू देण्याचीही नाही. सरळ मुलगा आहे एवढ्यावरून होकार देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

आईंचे म्हणणे मात्र मोडीत काढू नका. समोरच्या घरालाही मुदत कळायला हवी. 'अजून ठरत नाही' असे मोघम सांगण्याऐवजी दीड-दोन महिने मागून घ्या, ते त्याच्याशी आधी बोलून मागा, आणि तोवर दुसरे स्थळ पाहायचे नाही हे दोन्ही घरांना स्पष्ट सांगा. पत्रिका, देणेघेणे, हॉल असले विषय या काळात कोणी काढले तर ते तुमच्या आईंनी परस्पर थोपवावेत, अशी विनंती त्यांना आजच करून ठेवा; तुम्ही लवकर उत्तर द्यावे असे त्यांना वाटत असेल, तर तेवढी मदत त्या करतील.